होडीवरचं उभं पाणी

सानपाड्याला माझं गाड्यांना कोटिंग करायचं दुकान आहे. दोन गाळे एकत्र केलेले, बाहेर बोर्ड, आत ट्यूबलाइटींच्या रांगा. त्या उजेडात गाडीवरचा बारीकसा ओरखडाही लपत नाही आणि गिऱ्हाइकाला तो एकदा दाखवला की पुढचं बोलणं सोपं जातं. काम झाल्यावर मी गिऱ्हाइकाला जवळ बोलावतो, मगभर पाणी घेतो आणि बॉनेटवर ओततो. पाणी पसरत नाही. त्याचे थेंब होतात, टपोरे आणि गोल, आणि उतार मिळाला की ते धावत सुटतात. गिऱ्हाईक मोबाइल काढून व्हिडिओ करतं, बायकोला पाठवतं. माणसं स्वतःच्या पोरांचे इतके व्हिडिओ काढत नसतील.

पाण्याला खाली काय आहे ते कळत नाही. जर्मन गाडी असो की रिक्षा, त्याची गाठ पडते ती वरच्या थराशी, आणि तो थर तर नखालाही लागत नाही इतका पातळ. वर तेल किंवा मेण असेल तर पाणी अंग चोरून उभं राहतं. थर उडाला असेल, किंवा साबण धुवायचा राहिला असेल, तर तेच पाणी अंग टाकून देतं आणि चपटं होऊन जाईल तिकडे जातं. धंद्यात शिरलो तेव्हा कोटिंग विकणाऱ्या कंपनीच्या माणसाने हे आम्हाला पडद्यावर चित्रं दाखवून समजावलं होतं. एसी हॉल, टाय, हातात ती लाल दिव्याची कांडी. सगळे वहीत लिहून घेत होते. मी लिहीत नव्हतो. मला बाबांची ओंजळ दिसत होती.

बाबांची एक होडी आहे. लहान, खाडीतली, दोन माणसं आणि एक जाळं बसेल एवढी. आमचं जुनं गाव खाडीच्या काठाला होतं. घरामागे भातखाचरं, त्यापलीकडे बांध, बांधापलीकडे पाणी. बाबा शेतकरी, पण भरती-ओहोटी बघून होडी काढायचे. कोलंबी, चिंबोऱ्या, नशीब असलं तर जिताडा. विकायला थोडं आणि खायला जास्त. आता त्या जागेवरून विमानं उडतात. आम्हाला बदल्यात उलव्याला प्लॉट मिळाला, त्यावर बिल्डिंग उभी राहिली, वर आम्ही राहतो आणि मधल्या मजल्यांवर भाडेकरू. तक्रार नाही. लोक आम्हाला शेठ म्हणतात आणि आम्हीही हळूहळू तसे चालायला लागलो.

सामान हलवलं तेव्हा बाबांनी होडीही टेम्पोत घातली. आई म्हणाली, "तिकडं पानी हाय का? कुठं ठेवनार हिला?" बाबा म्हणाले, "खाली." खाली म्हणजे पार्किंगमध्ये. तेव्हापासून आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये एका बाजूला स्कूटर, दुसऱ्या बाजूला दोन गाड्या आणि मधल्या खांबांच्या आड लाकडी ठोकळ्यांवर होडी. नवीन येणारा कुरिअरवाला आधी तिच्याकडे बघतो आणि मग पत्ता विचारतो.

रोज सकाळी चहा झाला की बाबा खाली जातात. नळावर ओंजळ भरतात आणि होडीच्या कुशीवर, म्हणजे बाहेरच्या बाजूवर, पाणी मारतात. मग हात पाठीमागे बांधून बघत उभे राहतात. पाण्याचे थेंब उभे राहिले तर म्हणतात, "हाय." एवढंच. आणि पाणी पसरायला लागलं, लाकूड कुठे काळवंडून ओलं झालं, तर म्हणतात, "प्यायला लागली." मग त्या आठवड्यात तेल निघतं.

हे तेल मुशीचं. मुशी म्हणजे लहान जातीचा शार्क; तिचं काळीज कढवून हे तेल काढतात. उरणकडच्या एका म्हाताऱ्याकडून बाबा ते आणतात. जुन्या बनियनचा बोळा करून त्यात बुडवायचं आणि फळीच्या रेषेने चोळत जायचं, एका हातावर दुसरा हात, पातळ. जास्त झालं की चिकटतं, धूळ धरतं. कमी झालं की पाणी आत शिरतं. बाबा हे काम असं करायचे की बघणाऱ्याला वाटावं, माणूस कुणाला तरी आंघोळ घालतोय.

राहिला तेलाचा वास. त्याच्याबद्दल मी काय सांगू. बंद खिडकीतून येतो, जिन्याने चढतो, वाळत घातलेल्या कपड्यांत बसतो. दुसऱ्या मजल्यावर साताऱ्याकडच्या एक ताई राहतात, शाळेत शिकवतात. पहिल्या वर्षी त्या खाली आल्या, तोंडाला पदर लावून. "काका, जरा सांगाल का, हे काय हाय? आमच्याकडं उंदीर मेल्यावर असा वास येतोय." बाबा ओशाळले, पण बोळा काही खाली ठेवला नाही. पुढे ताईंना सवय झाली. तेल लागलं की त्या दोन दिवस खिडक्या बंद करतात आणि भेटल्यावर विचारतात, "झाली का बाईसाहेबांची मालिश?"

होडी पाण्यात कधी जाणार, हे कुणी विचारायचं नाही. जवळच्या खाडीत भराव, नाहीतर भिंत, नाहीतर काटेरी तारा. बाबांचे गुडघेही गेलेले. पण तेल लावताना बाबा एक वाक्य ठरलेलं बोलायचे, "तयार पायजे." कशासाठी ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. एकदा, एकदाच, तिला पाण्यात घालायची होती. माझ्या धाकट्या बहिणीला ते सर्वात जास्त ठाऊक होतं, कारण होडीत बाबांच्या समोर बसून जाणारी तीच. मला लहानपणी होडीत मळमळायचं, म्हणून मी काठावर. ती मात्र फ्रॉक गुडघ्यात खोचून, हातात पाणी उपसायचं डबडं घेऊन, बाबांना उलट हुकूम सोडायची. आमच्या घरात बाबांवर ओरडायची मुभा फक्त तिला होती, अजूनही आहे.

तिचं लग्न ठरलं. मुलगा द्रोणागिरीचा, बंदराच्या कामात. लग्नानंतर त्याची बदली गुजरातमधल्या एका बंदरावर होणार हे आधीच कळलं होतं. द्रोणागिरी म्हणजे हाकेवर; गुजरात म्हटल्यावर बाबांचा चेहरा उतरला, पण स्थळ चांगलं होतं आणि तिला मुलगा आवडला होता. त्या दिवसांत बाबा सकाळी होडीपाशी जरा जास्त वेळ उभे राहायचे, तेवढंच.

आमच्यात हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठं प्रकरण. मांडव, डीजे, जेवणावळ, सगळं हळदीला. बिल्डिंगचं पार्किंग रिकामं करून तिथेच हळद करायची ठरलं. गाड्या बाहेर काढल्या. होडी कुठे काढणार? तेव्हा माझ्या एका चुलत भाचीने, जी दिवसभर मोबाइलमध्ये लग्नांची डेकोरेशनं बघते, शक्कल काढली. होडीतच नवरीची बैठक करायची. झेंडूच्या माळा, पिवळे पडदे, आत गादी आणि गादीवर नवरी. सगळ्या बायकांना ते एकदम पटलं. मलाही पटलं. आमच्या लोकांची नवरी होडीत नाही बसणार तर काय सोफ्यावर बसणार?

फक्त वास राहिला. नवऱ्याकडची माणसं येणार, आणि स्टेजला कुजक्या माशाचा वास. आईच्या जिवाला घोर लागला. मग एके दुपारी, बाबा उरणकडे आमंत्रणं द्यायला गेलेले असताना, आई, मावशी आणि दोन्ही काकूंनी पदर खोचले. बादल्यांनी गरम पाणी उतरवलं. त्यात धुण्याचा सोडा, वर कपड्यांची पावडर, वर लिंबं पिळलेली. तारेच्या घासण्यांनी चौघींनी होडी आतून-बाहेरून घासली, जशा आमच्याकडच्या बायका सणाआधी पितळेची भांडी घासतात, गाणी म्हणत आणि आपापल्या सासवांचा उद्धार करत. वर्षानुवर्षं फळ्यांवर जमलेलं तेल तपकिरी फेसाबरोबर गटारात गेलं. संध्याकाळपर्यंत होडी फिकट, स्वच्छ आणि लिंबाच्या वासाची झाली होती.

मी दुकानातून आलो आणि बघताच मला कळलं. हेच माझं रोजचं काम. चुकीच्या साबणाने धुतलेली गाडी माझ्याकडे येते तेव्हा मी मालकाला जे सांगतो, ते मला आईला सांगता आलं नाही. ती कमरेवर हात ठेवून, घामाने भिजलेली, खुशीत उभी होती. "बघ, नवरीसारखी दिसते का नाय?"

बाबा आले. रिक्षातून उतरले, आत आले आणि थांबले. चौघीजणी त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांनी होडीवरून तळहात फिरवला. कोरड्या लाकडाचा खरखर आवाज आला.

"बरी केली," ते म्हणाले. "पोरीला बसाया चांगली केली."

आई हसली. तिला अजूनही कळलेलं नाही, आणि आम्ही कुणी तिला कळू देणार नाही. जिन्यात मी बाबांना गाठलं. म्हटलं, "लग्न होऊन जाऊ दे. मग मी तेल लावून देतो, दोन-तीन हात."

"लगीन होऊन जाऊ दे," ते म्हणाले. त्या दिवसांत त्यांनी होडीवर पाणी मारलं नाही.

हळद छान झाली. धवलारीण आली, तिने आणि तिच्या बरोबरच्या बायकांनी धवले, म्हणजे आमच्याकडची लग्नाची गाणी, म्हटले. ती म्हणायला लागली की डीजेवाल्यालाही आवाज बंद करावा लागतो. तेलात कालवलेली हळद परातीत. आधी पाच सवाशिणींनी रीतीने लावली आणि मग रीत संपून दंगा सुरू झाला. बहीण कोपरापासून बोटांपर्यंत पिवळी झाली. तिला होडीत चढवायची वेळ आली तेव्हा भाच्यांनी स्टूल ठेवलं, ते डगमगलं, आणि तिने पडू नये म्हणून होडीच्या कुशीला हात टेकला. मग हसत आत जाऊन बसली. बाबा समोर खुर्चीत होते. होडीत बसलेल्या तिच्याकडे बघत होते, आणि मला त्यांच्याकडे बघवेना म्हणून मी उगाच जेवणाची पानं मोजायला गेलो.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. तिसऱ्या प्रहरी ती गेली. पाठवणीला आमच्याकडच्या बायका रडतात ते आवाज करून, आणि पुरुष नाक शिंकरून. बाबांनी दोन्ही केलं नाही. त्यांनी गाडीचं दार नीट लागलंय का ते पुन्हा पुन्हा बघितलं.

त्याच्या पुढच्या सकाळी मांडववाले बांबू सोडत होते. बाबा खाली उतरले. मी त्यांच्या मागोमाग गेलो, कारण आज ते पाणी मारणार हे मला माहीत होतं. त्यांनी ओंजळ भरली आणि होडीच्या कुशीवर मारली. पाणी पसरलं. एक थेंब उभा राहिला नाही. फळीभर पातळ होऊन खाली गेलं आणि लाकूड काळं पडलं. बाबा बघत राहिले. मी काहीतरी बोलणार होतो, तेवढ्यात ते वाकले.

वरून दुसऱ्या फळीवर, काळ्या ओलीच्या मधोमध, एक कोरडी जागा होती. पाच बोटं आणि तळवा. हळदीचा रंग तिथे जेमतेम कळत होता, पण हळदीतलं तेल लाकडाने धरलं होतं. आजूबाजूचं सगळं पाणी लाकडात गेलं होतं आणि त्या हातावर मात्र ते थेंबाथेंबांनी उभं होतं. अंगठ्यावर एक मोठा थेंब होता.

"हाय," बाबा म्हणाले. मांडववाला मागून विचारत होता, "काका, ह्या माळा काढू का?" आणि आम्ही दोघं वाकून त्या हाताकडेच बघत होतो. मला तेव्हा बहिणीची इतकी आठवण आली, की ती कालच गेली आहे हे मला खोटं वाटायला लागलं. ती कितीतरी वर्षांपूर्वी गेली असावी आणि आम्हाला आत्ता सापडली असावी, असं काहीतरी.

त्या आठवड्यात मी उरणला जाऊन तेल आणलं. गोड्या तेलाच्या जुन्या कॅनमध्ये, नेहमीसारखं. बाबांनी कॅन घेतला आणि वीजमीटरांच्या मागे ठेवून दिला. मी म्हटलं, रविवारी लावू. रविवारी म्हणाले, "रावू दे, पाय दुखतान." पुढच्या रविवारी उन्हाचं कारण, त्याच्या पुढच्या रविवारी आणखी कशाचं तरी. सकाळची ओंजळ मात्र चुकली नाही. फक्त आता ती एकाच जागी पडायची. पाणी पसरायचं, हात वर यायचा, बाबा "हाय" म्हणायचे आणि वर यायचे.

मला उमजायला वेळ लागला. रोज थेंब बघून पोट भरणारा मी, पण घरातलं दिसायला मला उशीर होतो असं बायको म्हणते ते खरं असावं. होडीला तेल लावलं की पाणी सगळीकडे उभं राहणार. सगळीकडे उभं राहिलं की हात कुठे होता ते कळणार नाही.

पण होडी वाळत चालली होती. नळाखालच्या ओंजळीने काय होतंय? उन्हाळा आला, पार्किंगमधून गरम वारा वाहायला लागला, फळ्या आकसल्या. सांध्यांतला कापूस आणि राळ सुटून पडायला लागली. एका सकाळी मी आत वाकून बघितलं तर दोन फळ्यांच्या मधून पलीकडची स्कूटर दिसत होती. ज्या होडीसाठी बाबांनी इतकी वर्षं बिल्डिंगभर वास सहन करायला लावला, जिला "तयार पायजे" म्हणून जपली, ती डोळ्यांसमोर मोडत होती.

"बाबा, फुटेल ती," मी म्हटलं. "मग पाण्यात घालायची म्हटली तरी नाय घालता येनार." घरी आलो की माझी जीभ आपोआप गावाकडची होते.

"ठावं हाय."

"मी एक करतो. त्या हाताच्या भोवती टेप लावतो. आमी गाडीला लावतो तशी. तेवढं सोडून बाकी तेल लावू."

ते हसले, लग्नानंतर पहिल्यांदाच असेल. "तेल थांबतंय होय टेपेला? लाकडातून सरकतंय ते. बोटं खाऊन टाकील."

ते खरंच होतं. कोरडं लाकूड तेल ओढून घेतं, रेषेची पर्वा करत नाही. पत्र्यावरची अक्कल लाकडाला चालत नाही. त्यांना दोन्ही हवं होतं, होडी आणि हात, आणि दोन्ही मिळणार नव्हतं. त्यांनी हात निवडला होता.

मी आणखी एक गोष्ट त्यांना बोललो नाही. हातावरचं पाणीही आता पूर्वीसारखं उभं राहत नव्हतं. सुरुवातीला थेंब गोल होते. पावसाळ्यात ते बसके झाले. दिवाळीनंतर करंगळी गेली; तिथे पाणी सरळ आत शिरायला लागलं. हळदीतलं तेल ते किती, आणि टिकणार किती. रोजच्या पाण्यानेच ते विरत होतं. न बघता राहावलं असतं तर हात जास्त टिकला असता, पण बघितल्याशिवाय बाबांची सकाळ होत नव्हती. त्यांना हे दिसत नसेल असं मला वाटत नाही. आयुष्यभर ज्याने पाण्याचा थेंब बघून होडीचं मन ओळखलं, त्याला बोट गेलेलं कळणार नाही?

बहीण त्यानंतर आली. मधल्या काळात तिचं येणं होता होता राहायचं. कधी नवऱ्याला सुट्टी नाही, कधी सासूबाईंचं आजारपण. फोनवर रोज बोलायची, पण बाबा फोनवर बोलणाऱ्यातले नाहीत. "जेवली का?" विचारायचे आणि फोन आईकडे द्यायचे. आली तेव्हा सकाळची वेळ होती. टॅक्सीतून उतरली आणि बॅगा तिथेच टाकून आधी होडीकडे गेली.

"बाबा," ती ओरडली. "ह्ये काय करून ठेवलाव हिचं?"

बाबा जिन्यातच होते.

"फटी बघा. बोट जातंय आत. तेल कवाधरनं नाय लावलं?" मग माझ्याकडे वळली. "आनि तू रे? लोकांच्या गाड्या चमकवतोस आनि घरच्या होडीचं ह्ये?"

मी बाबांकडे बघितलं. सांगून टाकावं असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. बाबांनी मान हलवली, अगदी थोडी. मग ते मीटरांच्या मागे गेले, धूळ बसलेला कॅन काढला, आणि आपल्या खांद्यावरचा पंचा उभा फाडून त्याचा अर्धा तुकडा तिच्या हातात दिला.

ती प्रवासाच्या कपड्यांतच बसली. कुर्त्याच्या बाह्या वर केल्या, तेल ओतलं आणि फळीच्या रेषेने चोळायला लागली, पातळ, एका हातावर दुसरा, बाबा लावायचे तशीच. आणि बोलत राहिली. तिकडचं पाणी खारट आहे, भाकरी नीट होत नाही, तांदळाचं पीठ इथून न्यायचंय. समुद्र जवळ आहे पण बंदराच्या भिंतीआड, दिसत नाही. शेजारीण चांगली आहे. सकाळी उठल्यावर पहिली काही मिनिटं तिला कळत नाही आपण कुठे आहोत. हे तिने हसत सांगितलं. बाबा शेजारच्या स्टुलावर बसून ऐकत होते आणि फडकं सुकलं की तेल ओतून देत होते.

खालच्या फळ्या झाल्या. मग ती उभी राहिली आणि वरच्या फळ्यांना लागली. मी बघत होतो. तिने वरून दुसऱ्या फळीवर फडकं ठेवलं, कोपऱ्यापासून चोळत आली, आणि त्या जागेवरून, स्वतःच्या हातावरून, तशीच पुढे गेली. तिला काही कळलं नाही. बाबांनी तेवढ्यात खाली बघितलं.

वास पसरला. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या धाडधाड लागल्या आणि थोड्या वेळाने साताऱ्याच्या ताई खाली आल्या, या वेळी पदर न लावता. "आलं का तेल परत? मी म्हटलं, काकांनी सोडलंच की काय." मग बहिणीला बघून त्यांनी तिला जवळ घेतली, तेलकट हातांसकट.

"पुढल्या वेळेला येईन तवा हिला पान्यात घालू," बहीण बाबांना म्हणाली. "फटी मी बुजवून घ्याया सांगते. तुमी नुसतं लक्ष ठेवा. तयार पायजे ना?"

"पायजे," बाबा म्हणाले.

ती चार दिवस राहिली आणि पीठ, सुकट, लोणचं घेऊन गेली. गाडीचं दार बाबांनी पुन्हा दोनदा बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानाला निघालो होतो. बाबा नळापाशी होते. त्यांनी ओंजळ भरली आणि मारली. पाणी उभं राहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, वरच्या फळ्यांवर, खालच्या फळ्यांवर, टपोरं. माझ्या दुकानातल्या कुठल्याही गाडीवर राहत नाही इतकं सुंदर. बाबा बघत राहिले. मी वाट बघत होतो, पण ते "हाय" म्हणाले नाहीत. त्यांनी पुन्हा ओंजळ भरली आणि वरच्या फळीवर मारली. तिथेही तसंच.

"कुठं होता रे?" त्यांनी मला विचारलं.

मी वाकून बघितलं. सगळी फळी सारखीच दिसत होती, काळसर, ओल्या चकाकीची. मला नक्की सांगता येत नव्हतं. गाठीच्या जवळ होता एवढं आठवत होतं, पण त्या फळीला गाठी दोन आहेत. मी एकीच्या शेजारी बोट ठेवलं आणि म्हटलं, "इथं."

त्यांनी हात पंच्याला पुसला आणि तिथे, थेंबांवर, आपला तळवा टेकवला.